दिवाळीच्या मावळ्यांची लुटुपुटूची लढाई : मुलांशी खेळायला नियम कोणते घ्यावेत?

इंदिरानगरच्या एका वडिलांनी विचारलं आहे. दिवाळीचा किल्ला उतरवला, मावळे पिशवीत गेले, पण अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी "आता यांची लढाई खेळू" म्हणून मागे लागली आहेत. छोट्या सैनिकांच्या ऐतिहासिक लढायांच्या इंग्रजी नियमपुस्तिका त्यांनी नेटवर चाळल्या. कुठे ऐंशी पानं, कुठे पानोपानी कोष्टकं. सोपे आणि तरी इतिहासाला धरून असलेले नियम कोणते? आणि घरात पाच वर्षांचा धाकटाही आहे, त्याचं काय?

आधी थेट उत्तर देतो. पहिले सहा महिने कुठलीही पुस्तिका विकत घेऊ नका. वहीच्या एका पानावर मावतील एवढे नियम घरीच लिहा. मी वापरतो ते पुढे दिले आहेत, ते तसेच उचला. मुलगा त्यात मुरला की मग नील थॉमस यांचं २०१४ साली आलेलं 'वन-अवर वॉरगेम्स' घ्या. त्याच्यापुढचं सगळं त्याला मिसरूड फुटेपर्यंत थांबू शकतं.

गेली वीस वर्षं मी नाशकात मुलांना हा खेळ शिकवतो आहे, कधी गच्चीवर, कधी कुणाच्या दिवाणखान्यात सतरंजीवर. एवढ्या वर्षांत नियम पारखायची एकच कसोटी माझ्याकडे टिकली. पाळी आल्यावर मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते पाहायचं. "खिंड धरून राहू की सोडू?" असं चाललं असेल तर नियम चांगले. "पाच अधिक दोन, वजा एक, चढ आहे म्हणून आणखी एक वजा" असं चाललं असेल तर आपण त्याला रविवारी गणिताच्या तासाला बसवलंय.

हे मी माझ्या भाच्यावरून शिकलो. तो दहा वर्षांचा असताना मी मोठ्या हौसेनं एक जाडजूड पुस्तिका मागवली, रात्री जागून वाचली आणि सुट्टीच्या दिवशी पट मांडला. पहिल्या हल्ल्याचा निकाल लागायला तीन कोष्टकं बघावी लागली. मी मान वर केली तेव्हा भाचा खाली मैदानात बॅटिंग करत होता. पुस्तिकेतली प्रत्येक गोष्ट इतिहासाला धरून होती, मोठ्यांना ती आवडतेही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र त्या सगळ्यात स्वतः ठरवायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणून बेरीज-वजाबाकीचे नियम टाळा. चढ, तट, खिंड, दमलेले घोडे हे सगळं दोनच मार्गांनी दाखवता येतं: फासे किती टाकायचे आणि कितीचं दान लागतं. मुलांना फासे मोजता येतात आणि मूठभर फासे खुळखुळवून टाकायला फार आवडतात. तीन फासे टाकले आणि ५ किंवा ६ ला फटका धरला, तर दहापैकी सात वेळा निदान एक फटका बसतो. त्याच तीन फाशांत फक्त ६ धरला तर दहापैकी चारच वेळा. उघड्या मैदानातली तुकडी आणि तटामागची तुकडी यांतला फरक तेवढ्यात पोचतो. आठ वर्षांच्या मुलीला अपूर्णांक येत नसतील, पण "खिंडीत उभं राहिलं की कमी लागतं" हे तिला दुसऱ्या डावातच कळतं.

आता माझं पान.

दोन्ही बाजूंना सहा-सहा तुकड्या. दिवाळीचा मातीचा मावळा मोठा असतो, म्हणून एक मावळा म्हणजे एक तुकडी. प्रत्येक तुकडीमागे चार चिंचोके ठेवायचे, तो तिचा दम. अंतर मोजायला कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी. पायदळ एका पाळीत एक पट्टी चालतं, घोडदळ दोन. (वितीने मोजू देऊ नका. दादाची वीत मोठी, ताईची लहान, आणि लढाई पटावरून उठून सतरंजीवर येते.)

पाळी "एक तू, एक मी" अशी. तू एक तुकडी हलव, मग मी एक हलवतो. हललेल्या तुकडीपुढे शेंगदाणा ठेवायचा म्हणजे ती पुन्हा हलत नाही. सगळ्या हलल्या की फेरी संपली, दाणे उचलायचे. हलताना तुकडी समोरच्या तुकडीला जाऊन भिडली की दोघांनी एकदम तीन-तीन फासे टाकायचे. ५ किंवा ६ पडला की समोरच्याचा एक चिंचोका गेला. समोरची तुकडी खिंडीत, तटामागे किंवा चढावर वरच्या बाजूला असेल तर फक्त ६ चालतो. भिडलेली तुकडी आपल्या पुढच्या पाळीला पुन्हा लढू शकते किंवा तिथून निघून मागे सरू शकते. घोडदळ सपाटीवर सरळ धावत येऊन भिडलं तर त्या पहिल्या वेळेला चार फासे. खिंडीत आणि चढावर घोड्यांना हा फायदा नाही. तिरंदाज आणि बंदूकवाले दोन पट्ट्यांच्या आतल्या तुकडीवर दोन फासे टाकतात, पण त्या पाळीत हलत नाहीत.

चिंचोके संपले की तुकडी "फुटली". ती पटावरून उठते. मी "मेली" म्हणत नाही. खऱ्या लढाईतही बहुतेक तुकड्या शेवटच्या माणसापर्यंत मरत नसत, धीर सुटून पांगत असत. हा शब्द मुलांना ओरबाडतही नाही आणि खराही आहे.

शेवटचा नियम माझा लाडका. तुकडी शत्रूपासून दोन पट्ट्यांहून दूर जाऊन एक अख्खी फेरी न हलता थांबली, तर तिला एक चिंचोका परत मिळतो. तीनपर्यंतच, चौथा कधीच परत येत नाही. एवढ्या एका ओळीने मुलं मारा करून मागे सरायला शिकतात. गनिमी काव्यावर भाषण न देता तो त्यांच्या हातात येतो. हा नियम नसताना प्रत्येक मूल प्रत्येक तुकडी शेवटपर्यंत झुंजवत राहतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

झालं, एवढंच. तोफा पहिला महिनाभर आणूच नका. देवळाली कॅम्पातल्या फौजी घरांतली मुलं माझ्याकडे येतात, ती पहिला प्रश्न तोफेचाच विचारतात. तरी मी थांबवतो. तोफ आली की मुलं लांबून मारत बसतात आणि पुढे सरकायचं कुणालाच सुचत नाही.

"एक तू, एक मी" यावर थोडं आणखी बोलायला हवं, कारण अनेक छापील नियमांत एक बाजू आपलं सगळं सैन्य हलवते आणि मग दुसरी. मोठ्यांना ते बरं पडतं, बेत नीट रचता येतो. मुलाला मात्र सहा तुकड्या हलेपर्यंत पाच-सात मिनिटं नुसतं बसावं लागतं. तोवर त्याने फासे तोंडात घातलेले असतात, नाहीतर घोड्याचा पाय मोडलेला असतो. आठ वर्षांच्या मुलाला अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायला लावू नये. अकरा-बाराव्या वर्षी "सगळं सैन्य एकदम" हा प्रकार करून बघा, तेव्हा त्याला बेत रचण्यात गोडी वाटायला लागलेली असते.

आता विकतच्या आणि जुन्या नियमांकडे. या छंदाचा आरंभ सांगताना एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स'चं नाव घ्यावंच लागतं. त्यात पायदळाला एक फूट आणि घोडदळाला दोन फूट चाल आहे, माझी एक पट्टी-दोन पट्ट्या त्याच गुणोत्तरातली. पण त्यांचा खेळ स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर सैनिक पाडायचा आहे. मातीच्या मावळ्यांवर तो करू नका. भाले आणि हात आधी तुटतात आणि मग मुलं रडतात. जमिनीवर पुस्तकं-लाकडं मांडून मुलुख कसा उभा करायचा, हे मात्र त्यातून जरूर घ्या.

थॉमस यांचं पुस्तक मी पुढची पायरी म्हणून सुचवतो, कारण ते मुद्दाम लहान ठेवलेलं आहे. तीन फूट बाय तीन फुटांचा पट, बाजूला सहा तुकड्या, पंधरा पाळ्यांत खेळ संपतो आणि पंधरा फटके बसले की तुकडी उठते. वेगवेगळ्या काळांसाठी थोडथोडे नियम आहेत आणि लढाईचे तीस प्रसंग दिलेत. माझ्या मते ते तीस प्रसंग हेच त्या पुस्तकाचं खरं मोल आहे. ते नियम बाजूला ठेवून माझ्या चिंचोक्यांवरही खेळता येतात. त्यात फाशावर दोन मिळवणं, दोन वजा करणं, आडोसा असेल तर फटके निम्मे करणं असे हिशेब आहेत. चौथी-पाचवीतल्या मुलाला ते झेपतात. तुमच्या मुलाला आत्ताही झेपतील, मुलीला अजून नाही. आणि दोघांना एकत्र खेळवायचं असेल तर नियम धाकटीच्या मापाचे हवेत.

'डीबीए' हे नाव तुम्हाला नेटवर जागोजागी दिसलं असेल. १९९० सालचे हे नियम प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे, बाजूला बारा तुकड्यांचे. भाषा इतकी आवळलेली आहे की मोठ्यांनाही एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं, त्यामुळे मुलांसाठी मी ते पुस्तक घेणार नाही. पण त्यातली एक कल्पना उसनी घ्या. पाळीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा आणि जेवढं दान पडेल तेवढ्याच तुकड्यांना किंवा जोडून उभ्या असलेल्या गटांना हलवायचं. हुकूम सुटला तरी तो सगळीकडे पोचतोच असं नाही, हे मुलाला त्या एका फाशातून कळतं. वर्षभराने, सहा तुकड्यांच्या जागी बारा आल्या की हे आणा.

नियमांइतकाच प्रसंग महत्त्वाचा. "समोरच्याला संपवा" एवढाच हेतू असेल तर कुठलेही नियम तासाभरात कंटाळवाणे होतात. आपल्या जिल्ह्यातच इतके प्रसंग पडलेत की बाहेर जायला नको. मी पहिला नेहमी दिंडोरीचा घेतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज परतत होते. दाऊदखान कुरेशी पाठलागावर आला. वणी-दिंडोरीच्या मुलखात लढाई झाली ती खजिना पुढे सुखरूप जावा म्हणून. तेव्हा खेळातही जिंकायचं ते खजिना पोचवून.

पट दीड मीटर लांब, म्हणजे दहा पट्ट्या. खाली पुस्तकं ठेवून वर चादर टाकली की डोंगर होतात, मध्ये दोन पट्ट्या रुंदीची खिंड ठेवायची. खजिन्यासाठी पोळ्याचे मातीचे दोन बैल घ्या, घरात कुठेतरी असतातच. बैल पाळीला एक पट्टी चालतात आणि मागच्या कडेपासून तीन पट्ट्या पुढे सुरुवात करतात. म्हणजे पलीकडे जायला सात फेऱ्या. मोगल घोडदळ मागच्या कडेवरून निघतं. प्रत्येक फेरीत घोडे बैलांहून एक पट्टी जास्त कापतात, म्हणून मध्ये कोणी आडवं आलं नाही तर तिसऱ्या फेरीत ते बैलांना गाठतात. कोणाला तरी मागे थांबावंच लागतं. हे मी कधी सांगत नाही. मुलं पट्टी घेऊन स्वतः मोजतात आणि गप्प होतात.

पंचवटीतल्या एका घरी हा डाव चालू होता. नऊ वर्षांच्या मुलीची एक तुकडी खिंडीच्या तोंडाशी उभी, मागे एकच चिंचोका. बैल कडेपासून दोन पट्ट्यांवर. तिचा हात मावळ्यावर गेला आणि थांबला. तिने पट्टी उचलली, घोड्यांपासून बैलांपर्यंत ठेवून पाहिली, पुन्हा एकदा ठेवली. "याला मागे घेतला तर बैल सापडतील ना?" मी म्हटलं, "तूच बघ." तिने हात काढून घेतला आणि दुसऱ्या टोकाचा बैल एक पट्टी पुढे सरकवला. घोड्यांच्या तीन फाशांत ६ आला, मावळा उठला. पण घोडे त्या फेरीत तिथेच अडकले आणि पुढच्या फेरीत दोन्ही बैल पार झाले. मागे थांबणाऱ्या तुकडीचं काम किती अवघड असतं, हे त्या मुलीला आता कुणी समजावून सांगायला नको.

दिंडोरी रुळली की रामसेज. आशेवाडीचा हा किल्ला शहरापासून इतका जवळ आहे की रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. आधी मुलांना तिथे न्या, मग खेळा. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि पाचएक वर्षं हा एकटा टेकडीवजा गड झुंजत राहिला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडी तोफांनी काम भागवलं, हे खुद्द मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. वर उभं राहून खाली पाहिलं की तटामागच्या तुकडीवर फक्त ६ का चालतो, हे मुलांना वेगळं विचारावं लागत नाही. साल्हेर मोठ्या डावासाठी राखून ठेवा. १६७२ ची ती लढाई मोकळ्या मैदानातली, मोरोपंत एका बाजूने आणि प्रतापराव दुसऱ्या बाजूने आलेले. दुसरी फौज कोणत्या फेरीला पोचणार हे फाशावर ठरवलं की डाव रंगतो. २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यामुळे मुलांनी नाव ऐकलेलं असतंच.

एक अडचण तुम्हाला पहिल्याच दिवशी येणार: मोगल कोण होणार? कुणीच तयार नसतं. मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक प्रसंग दोनदा खेळतो आणि बाजू बदलतो. ज्याने दोन्ही डावांत मिळून जास्त बैल नेले तो जिंकला. त्यामुळे समोरच्या बाजूने विचार करणं हा खेळाचाच भाग होतो. दुसरं म्हणजे उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज त्या खिंडीत कोंडली गेली, तेव्हा त्याच्यासोबत रायबागन होती, स्वतः फौज बाळगणारी सरदारीण. एका मुलीला हे सांगितल्यापासून ती दरवेळी मोगलांकडूनच खेळायचा हट्ट धरते. त्या लढाईचा शेवटही मुलांना सांगण्याजोगा आहे. खानाने शरणागती पत्करली, सामान टाकलं आणि महाराजांनी त्याला वाट दिली. खेळात मी तो पर्याय लेखी ठेवलाय: कोंडलेल्या बाजूने सामान सोडलं तर उरलेल्या तुकड्या सुखरूप बाहेर आणि त्यांना निम्मे गुण.

महाराजांची मूर्ती मी पटावर आणत नाही. दिंडोरीत ते स्वतः लढाईत होते हे मुलांना सांगतो, पण मूर्ती सिंहासनावर, कपाटावर. फाशावर ६ पडला म्हणून महाराज उठले, हे कुठल्याही मराठी घरात कुणालाच सहन होत नाही, मलाही नाही. पटावर सरदार आणि मावळे.

हरण्याबद्दल. आठ वर्षांचं मूल हरलं की डोळ्यांत पाणी येणारच. रडीचा डाव म्हणून चिडवू नका आणि मुद्दाम हरूनही दाखवू नका, मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा डाव छोटा ठेवा. सहा तुकड्यांचा डाव चाळीस मिनिटांत संपतो आणि लगेच बाजू बदलून दुसरा सुरू होतो. हरल्याचं दुःख दुसऱ्या डावाच्या मांडामांडीत विरून जातं. तीन तासांचा एकच डाव हरलेलं मूल मात्र पुढच्या रविवारी येत नाही. कुणी मध्येच "टाइम प्लीज" म्हटलं तर तो हक्क मान्य करा.

सैनिकांची फार चिंता नको. मातीचे मावळे दहा-बारा डावांत झिजतात, म्हणून खाली पुठ्ठ्याचा चौकोन चिकटवा आणि मुलांना मावळा न पकडता पुठ्ठा सरकवायची सवय लावा. कमी पडले तर कार्डशीटवर चित्र काढून, दुमडून उभे करा. मेन रोडवर मिळणारे हिरवे प्लास्टिकचे सैनिक बंदुका घेतलेले, आजच्या काळातले असतात. १६७० च्या पटावर ते आणले तर मुलगाच तुम्हाला टोकेल.

आणि तुमचा पाच वर्षांचा धाकटा. तो कच्चं लिंबू. मोठी मुलं अंगणात खेळताना जे करतात तेच करा. त्याला एक तुकडी द्या, तिचे चिंचोके कधीच संपत नाहीत, पण ती एका डावात एकदाच लढते. दोन्ही बाजूंचे फासे तोच टाकणार. माझ्याकडे पाच वर्षांचा एकजण हे काम इतकं मन लावून करतो की मोठी मुलं त्याच्याशिवाय डाव सुरूच करत नाहीत. दर वेळी टाकण्याआधी तो मुठीत फुंकर मारतो. चिंचोके मात्र त्याच्या हाताला लागतील असे ठेवू नका, ते तोंडात आणि नाकात जातात. त्याच्यासमोर दम मोजायला मोठी बटणं घ्या.

पहिला डाव दिंडोरीचाच मांडा, खिंड दोन पट्ट्यांहून रुंद ठेवू नका, आणि बैल कोण चालवणार यावर भांडण झालं तर एकेक बैल वाटून द्या.